कोणी काही बोललं नाही, म्हणून निघालेली बोट

६ मार्च १९८७ च्या संध्याकाळी बेल्जियममधल्या झीब्रुग बंदरातून ‘हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज’ ही फेरीबोट इंग्लंडच्या डोव्हर बंदराकडे निघाली. समुद्र शांत होता, वारा बेताचाच होता. बोट १९८० ची, म्हणजे जुनाट म्हणावी अशीही नव्हती. बंदराची बाहेरची भिंत ओलांडून चार मिनिटं झाली असतील नसतील, तोच ती डाव्या अंगावर आडवी झाली. १९३ माणसं गेली.

नंदुरबार जिल्ह्यात नदीकाठच्या गावांसाठी आपत्ती व्यवस्थापनाची जी प्रशिक्षणं होतात, त्यांत मी हे प्रकरण वाचायला घेतो. समोर नर्मदेच्या फुगवट्यात बोट चालवणारे नावाडी असतात, तापीकाठच्या प्रकाशा-सारंगखेड्याकडचे भोई असतात, आश्रमशाळांचे शिक्षक, आशाताई, पोलीस पाटील असतात. रामदास बोटीचं प्रकरण का नाही घेत, असं कोणीतरी विचारतंच. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली रामदास बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली, आणि ती आठवण मराठी घरांतून अजून निघते. तरी मी हेरल्ड निवडतो, कारण या बोटीच्या चौकशीत कागद सापडले. कोणी कोणाला काय लिहिलं, वरच्यांनी काय उत्तर दिलं, कोण कुठे उभा होता, कोणाला काय वाटलं, हे सगळं नोंदलं गेलं. ‘मानवी चूक’ हा शब्द आपण बातमीत वाचतो आणि पुढे जातो. इथे ती चूक कशी घडत गेली, ते पायरीपायरीने दिसतं.

आधी बोट समजून घेऊ. हेरल्ड ही गाड्या वाहणारी फेरीबोट. पुढून मोटारी आणि ट्रक आत येतात, पलीकडच्या बंदरावर मागच्या दाराने बाहेर पडतात. त्यासाठी गाड्यांचा डेक, म्हणजे मजला, पुढून मागेपर्यंत सलग मोकळा ठेवलेला, मध्ये एकही आडवी भिंत नाही. त्या दिवशी ४५९ प्रवासी, ८० कर्मचारी, ८१ मोटारी आणि ४७ ट्रक बोटीवर होते. प्रवाशांतले बरेच जण एका वृत्तपत्राच्या स्वस्त तिकीट योजनेतून एका दिवसाच्या सहलीला आलेले.

ही बोट डोव्हर ते फ्रान्समधलं कॅले या मार्गासाठी बांधली होती. झीब्रुगचा धक्का वेगळा होता. तिथला उतरता पूल एकाच पातळीचा, आणि भरतीला वरच्या डेकपर्यंत पोचायचा नाही. म्हणून पुढच्या टाक्यांत पाणी भरून बोटीचं नाक खाली दाबायचं, गाड्या चढवायच्या आणि मग ते पाणी उपसायचं, अशी पद्धत पडली होती. उपसायचा पंप लहान होता. मोठा पंप द्या, अशी मागणी झाली होती. सुमारे २५ हजार पौंडांचा खर्च परवडणार नाही म्हणून ती फेटाळली गेली. परिणामी त्या संध्याकाळी बोट निघाली तेव्हा तिचं नाक सुमारे पाऊण मीटर खाली झुकलेलं होतं, आणि नाकावरचा दरवाजा सताड उघडा होता.

दरवाजा उघडा कसा राहिला? तो बंद करायचं काम असिस्टंट बोसनचं. बोसन म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, आणि हा त्याचा मदतनीस. दिवसभराची साफसफाई आटोपल्यावर बोसनने त्याला मोकळं केलं होतं. तो आपल्या खोलीत जाऊन आडवा झाला आणि त्याचा डोळा लागला. निघण्याची सूचना ध्वनिक्षेपकावरून झाली, त्याला जाग आली नाही. पुढे चौकशीत त्याने हे सरळ कबूल केलं.

नावाड्यांसमोर मी इथे थांबतो आणि विचारतो, दोष कोणाचा? बहुतेकांचं उत्तर एकच असतं: झोपला त्याचा. उत्तर चूक नाही. पण ते इतकं लवकर हाती लागतं की त्यापुढे कोणी शोधतच नाही, आणि माझ्या मते बुडीत बोटींच्या चौकशा अर्ध्यात मरतात त्या याच जागी.

कारण त्या दारापाशी झोपलेल्या माणसाखेरीज आणखी माणसं होती. गाड्यांच्या डेकवरून सगळ्यात शेवटी बाहेर पडला तो बोसन. शेवटची गाडी चढल्यावर त्याने साखळी लावली. दरवाजा त्याच्या समोर उघडा होता. तो बंद करणं किंवा बंद करायला माणूस आला की नाही हे बघणं आपल्या कामात कधीच नव्हतं, असं त्याने चौकशीत सांगितलं. गाड्या चढवण्यावर देखरेख चीफ ऑफिसरची, म्हणजे कप्तानाच्या हाताखालच्या पहिल्या अधिकाऱ्याची होती. कंपनीचा लेखी हुकूम असा होता की गाड्या चढवून घेणाऱ्या अधिकाऱ्याने दरवाजे बंद झाल्याची खात्री करावी. वापरात त्याचा अर्थ इतकाच उरला होता की दाराच्या बटणांपाशी माणूस पोचलेला दिसला म्हणजे झालं. या चीफ ऑफिसरला कोणीतरी तिकडे येताना दिसलं, तो असिस्टंट बोसनच असं त्याने धरलं, आणि तो वर ब्रिजवर, म्हणजे जिथून बोट चालवतात त्या खोलीत, गेला.

तो का थांबला नाही? दुसरा एक हुकूम होता: पहाऱ्यावरच्या अधिकाऱ्याने निघण्याच्या पंधरा मिनिटं आधी ब्रिजवर हजर असावं. दाराची खात्री करणारा अधिकारी आणि ब्रिजवर हजर राहणारा अधिकारी हे त्या दिवशी एकच होते. कॅलेच्या मार्गावर कप्तानाखेरीज तीन डेक अधिकारी असायचे. झीब्रुगचा प्रवास साडेचार तासांचा, विश्रांतीला वेळ मिळतो, म्हणून तिथे दोनच ठेवले होते. एका माणसाला एकाच वेळी दोन जागी उभं करणारे नियम कागदावर शेजारी शेजारी नांदत होते. त्यांतला कोणता पाळायचा हे घाईने ठरवलं. आणि ती घाई कुठून येत होती, त्याचाही कागद आहे. झीब्रुगच्या व्यवस्थापकाने १९८६ मध्ये लिहिलं होतं की चीफ ऑफिसर हळू वाटला तर त्याच्यावर दबाव आणा, इथून उशिरा निघणं चालणार नाही.

ब्रिजवर कप्तान होता. ब्रिजवरून पुढचा दरवाजा दिसत नव्हता, कारण त्याची दारं बाजूला सरकणारी होती. दरवाजा उघडा आहे की बंद, हे दाखवणारा दिवाही तिथे नव्हता. मग कप्तानाला कळायचं कसं? बोटीच्या कायम हुकमातच याचं उत्तर होतं, आणि या साऱ्या प्रकरणात मला ते सर्वांत भयंकर वाटतं. त्याचा आशय असा: विभागप्रमुखांना काही उणीव दिसली तर त्यांनी कप्तानाला कळवावं, तसं काही कळलं नाही तर निघण्याच्या वेळी बोट सर्व दृष्टीने तयार आहे असं कप्तान समजेल.

म्हणजे ‘दरवाजा बंद झाला’ असं कोणी कोणाला सांगायचंच नव्हतं. शांतता हीच परवानगी. झोपलेला माणूस मात्र ‘मी झोपलो आहे’ असं कळवू शकत नाही. असिस्टंट बोसनची झोप आणि बंद झालेला दरवाजा, दोन्हींतून ब्रिजवर एकच गोष्ट पोचत होती, ती म्हणजे काहीही नाही.

धोका आधी दिसला नव्हता, असंही नाही. १९८३ मध्ये याच कंपनीची एक जुळी बोट उघड्या दाराने बंदराबाहेर पडली होती, आणि तेव्हाही असिस्टंट बोसन झोपलेलाच होता. ती वाचली, म्हणून गोष्ट मिटली. १९८५ मध्ये एका कप्तानाने ब्रिजवर इशाऱ्याचा दिवा मागितला. व्यवस्थापकांच्या हाताखालून ते पत्र फिरलं आणि त्यावर शेरे पडत गेले. खलाशी जागा आहे आणि शुद्धीत आहे हे सांगायला आता दिवा लागणार का, असा एक शेरा. दुसऱ्याने लिहिलं, दार लावणाऱ्याला काही अडचण आली तर तो ब्रिजला सांगेल असं समजा. अपघातानंतर कंपनीच्या उरलेल्या बोटींवर ते दिवे काही दिवसांतच बसले.

आता पाण्याचं. बंदराबाहेर कप्तानाने वेग वाढवला, सुमारे १८ नॉटपर्यंत, म्हणजे ताशी साधारण ३३ किलोमीटर. वेग वाढला तशी नाकापुढची लाट उंचावली. नाक आधीच झुकलेलं, त्यात पाणी उथळ; उथळ पाण्यात वेगाने जाणारी बोट आणखी खाली बसते. लाट उघड्या दारातून आत शिरली आणि सलग मोकळ्या डेकवर पसरली. डोक्यावर पाण्याची अर्धी परात घेऊन चालणाऱ्या बाईला ठाऊक असतं: परात जराशी कलली की सगळं पाणी त्याच बाजूला धावतं आणि कल वाढवतं. गाड्यांच्या डेकवर हेच झालं. बोट एकदा डावीकडे झुकली, क्षणभर सावरल्यासारखी झाली, आणि मग साधारण दीड मिनिटात आडवी झाली. नशीब इतकंच की ती वाळूच्या उंचवट्यावर टेकली आणि उजवी बाजू पाण्यावर राहिली.

इथे प्रशिक्षणात मी मुद्दाम दुसरा प्रश्न काढतो. बोट का उलटली, हे कळलं. माणसं का मेली? दोन्ही प्रश्न एक नाहीत, आणि आपल्याकडे दुसरा बहुधा विचारलाच जात नाही. किनारा जवळ होता. जवळच गाळ काढणारं एक जहाज काम करत होतं. हेरल्डचे दिवे एकदम गेलेले तिथल्या लोकांना दिसले आणि त्यांनी ताबडतोब बंदराला कळवलं. हेलिकॉप्टरंही लवकर आली. तरी १९३ गेले, कारण दीड मिनिटात कोणालाही काही सांगायला सवड नव्हती. दिवे गेले. बोट आडवी झाल्याने चालायच्या वाटा उभ्या झाल्या, आणि एका टोकाचा माणूस दुसऱ्या टोकाच्या खाली खोल पाण्यात पडला. लाइफ जॅकेट पेट्यांत होती. अंधारात, उलट्या झालेल्या खोलीत ती शोधणार कोण? मार्च महिन्यातलं ते पाणी इतकं गार होतं की पोहता येणारेही गारठून गेले. वरच्या अंगाच्या काचा फोडून, दोर सोडून शेकडो माणसं ओढून काढली गेली. बँकेत काम करणाऱ्या एका उंच प्रवाशाने दोन कठड्यांमधल्या पाण्यावर आपलं शरीर पुलासारखं आडवं टाकलं, आणि त्याच्या पाठीवरून सुमारे वीस जण पलीकडे गेले. बोटीवर नेमके किती होते, हे मात्र त्या रात्री कोणाला खात्रीने सांगता येत नव्हतं, कारण नावांची यादीच नव्हती. ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त प्रवासी चढवले जातात, अशी तक्रार त्याआधी अनेक कप्तानांनी केली होती.

चौकशी न्यायमूर्ती शीन यांच्यापुढे झाली. त्यांनी असिस्टंट बोसन, चीफ ऑफिसर आणि कप्तान तिघांचीही चूक नोंदवली. कप्तानाचं प्रमाणपत्र एक वर्षासाठी आणि चीफ ऑफिसरचं दोन वर्षांसाठी निलंबित झालं. पण अहवालाचा खरा जोर पुढे आहे. वरपासून खालपर्यंत सारी कंपनी ढिलाईच्या रोगाने ग्रासलेली होती, असं त्यांनी लिहिलं. जिच्यात माणसाच्या झोपेला काही किंमतच धरलेली नाही, अशी व्यवस्था उभी करणारे लोक किनाऱ्यावर, कचेरीत होते, हे एका न्यायाधीशाने स्पष्ट शब्दांत कागदावर आणलं.

नर्मदाकाठच्या लोकांना हे सांगताना एक अडचण येते. हेरल्डला गाड्यांचा डेक होता, ब्रिज होता, हुकमांचे कागद होते. धडगाव आणि अक्कलकुव्यातल्या बोटीला यातलं काही नाही. सरदार सरोवराच्या फुगवट्याने महाराष्ट्रातली ३३ गावं बाधित झाली, जुन्या पायवाटा पाण्याखाली गेल्या, आणि उरलेल्या पाड्यांना बाजार, दवाखाना, शाळा यांसाठी बोट हाच रस्ता झाला. २०१९ च्या संक्रांतीला धडगाव तालुक्यात भुषा इथे नर्मदेत गर्दीने भरलेली बोट उलटली, माणसं बुडाली. समोर बसलेल्यांपैकी काहींची नात्यातली माणसं त्या काठावर होती. त्यांना बेल्जियमची गोष्ट सांगून काय साधतं, हा प्रश्न मी स्वतःला विचारलेला आहे.

साधतं ते असं, की दुसऱ्याची बोट बघताना माणूस मोकळेपणी बोलतो. भुषाचा विषय थेट काढला की खोली गप्प होते, कोणाचा भाऊ, कोणाचा मालक समोर असतो. हेरल्डच्या बोसनवर मात्र सगळे तुटून पडतात. मग मी विचारतो, तुमच्या बोटीचा दरवाजा कोणता? म्हणजे अशी कोणती गोष्ट आहे, जी दुसऱ्याने बघितली असेल असं प्रत्येक जण धरून चालतो? प्रकाशाकडचा एक म्हातारा भोई लगेच म्हणाला, “नाव भरनी का निंघनी, मोजस कोन?” नर्मदेकडच्या एका नावाड्याने वाऱ्याचं काढलं: दुपारनंतर डोंगरांच्या खोबणीतून वारा सुटतो हे त्याला ठाऊक असतं, पण परतीची वेळ तो ठरवत नाही, बाजारातून परतणारे ठरवतात. एका शिक्षकाने सांगितलं की मुलं त्याने काठावर मोजली, पण पुढच्या पाड्यावर आणखी दोघं चढली आणि तो आकडा कोणाकडेच नव्हता. एका आशाताईचं म्हणणं मला फार मोलाचं वाटलं. बाळंतिणीला घेऊन जाताना बोटीत जॅकेट असतात, ती खाली फळीवर ठेवलेली असतात, आणि नावाडी समजतो की ताई घालायला लावेल, ताई समजते की नावाडी सांगेल.

या चारही गोष्टींत हेरल्डचाच हुकूम चालू आहे. कोणी काही बोललं नाही, म्हणजे निघायला हरकत नाही. फरक एवढाच की तिथे तो छापून लावलेला होता.

म्हणून आम्ही उपाय शोधतो तो याच जागी: ‘झालं’ हे तोंडाने, मोठ्याने सांगायचं, आणि ते ऐकू आल्याशिवाय इंजिन सुरू करायचं नाही. मोजणाऱ्याने आकडा ओरडून सांगायचा, नावाड्याने तोच आकडा परत उच्चारायचा. पुढच्या पाड्यावर कोणी चढलं की आकडा पुन्हा. जॅकेट चढण्याआधी काठावर अंगात. बोटीच्या अंगावर रंगाचा ठळक पट्टा, आणि तो पाण्याखाली गेला की कोणीतरी उतरायचं, मग तो सरपंचाचा पाहुणा का असेना. हेरल्डनंतर जहाजांसाठी जे आंतरराष्ट्रीय नियम बदलले, त्यांचाही गाभा हाच होता: दाराची स्थिती ब्रिजवर दिसलीच पाहिजे, आणि किनाऱ्यावरच्या कंपनीने सुरक्षेची लेखी पद्धत ठेवून तिचा जबाब दिला पाहिजे. ही पद्धत सांगणारी संहिता १९९३ मध्ये स्वीकारली गेली आणि प्रवासी जहाजांना १९९८ पासून बंधनकारक झाली.

पण खरी अडचण नियमाची नाही, ‘नाही’ म्हणण्याची आहे. यात्रेच्या दिवशी काठावर दोनशे माणसं उभी असतात. प्रकाशाला तापीकाठी पर्वणी असो, चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमावर गर्दी असो, की नर्मदेवर संक्रांतीचं स्नान. नावाड्याला पैसे फेरीमागे मिळतात. गर्दीत त्याचा मामा, त्याचा सावकार, शेजारचा पुढारी असतो. त्याने चाळिसाव्या माणसाला उतर म्हणायचं आणि त्या माणसाने ऐकायचं, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते. हेरल्डच्या चीफ ऑफिसरला दोन हुकमांमध्ये उभं केलं होतं, तसंच आपण नावाड्याला पोट आणि पाणी यांच्यामध्ये उभं करतो, आणि बुडाल्यावर पहिला गुन्हा त्याच्यावर नोंदवतो. मोजणी नावाड्याकडे असू नये, असं माझं ठाम मत झालं आहे. मोजणारा बोटीत न बसणारा असावा, त्याची मजुरी फेऱ्यांवर अवलंबून नसावी, आणि त्याने आकडा सांगितल्याशिवाय दोर सुटू नये. कोतवाल, होमगार्ड, पोलीस पाटील, कोणीही चालेल. पण मोजणाऱ्याचं नाव आधी ठरलेलं हवं.

कायद्याचा प्रश्न शेवटी निघतोच. हेरल्डच्या कंपनीवर सदोष मनुष्यवधाचा खटला झाला. १९९० मध्ये तो उभा राहिला आणि न्यायाधीशांनी निर्दोष सोडायला सांगितलं, कारण कंपनीला दोषी धरायचं तर वरच्या एखाद्या ठरावीक माणसाचा वैयक्तिक अपराध सिद्ध व्हावा लागत होता, आणि चूक तर अनेकांच्या हातून थोडी थोडी झालेली. कंपनीवर असा खटला चालू शकतो एवढं मात्र त्यातून ठरलं, आणि पुढे २००७ मध्ये ब्रिटनने त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. आपल्याकडे भारतीय न्याय संहितेचं कलम २८४ आहे: धोक्याच्या स्थितीतल्या किंवा जास्त भार भरलेल्या नावेतून भाड्याने माणसं नेणं हा गुन्हा. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत. हे कलम नवं नाही, जुन्या भारतीय दंड संहितेत ते २८२ होतं. त्यातले शब्द मी पोलीस पाटलांना दोनदा वाचून दाखवतो, कारण त्यात नेणाऱ्याबरोबर न्यायला लावणाराही आहे. मालक, ठेकेदार, यात्रेची व्यवस्था बघणारे, सगळे त्या शब्दांत येऊ शकतात.

मागच्या प्रशिक्षणात एका पोलीस पाटलाने हात वर करून विचारलं, “सर, मग यात्रेच्या बैठकीच्या इतिवृत्तात आम्ही काय लिहू?” मी सांगितलं, घाटाचं नाव लिहा, बोटींची संख्या लिहा, प्रत्येक बोटीला किती माणसं ते लिहा, आणि प्रत्येक घाटावर मोजणाऱ्याचं नाव आणि मोबाइल नंबर लिहा. तो जेवायला किंवा झोपायला गेला तर त्याच्या जागी कोण उभा राहील, तेही त्याच ओळीत.